डीएसएल लाइन पडते तरी मॉनिटरिंगमध्ये सगळं हिरवंच

प्रश्न: तालुक्याच्या ब्रँचला व्हीडीएसएल-२ लाइन (टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट) आहे, राउटर झॅबिक्समधे (मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर) एसएनएमपीने (उपकरणाला त्याची स्थिती विचारायची पद्धत) जोडलाय. काल पाऊस लागला आणि दुपारभर लाइन ये-जा करत होती, बिलिंग अडकलं, तिथली पोरं फोनवर फोन करतायत आणि इथे स्क्रीनवर सगळं हिरवं. नक्की काय बघायचं असतं?

उत्तर १: तुम्ही बहुतेक राउटरच्या इथरनेट पोर्टचं (ऑफिसमधल्या नेटवर्क केबलचं) आयएफ-ऑपर-स्टेटस (इंटरफेस चालू की बंद) बघताय, लाइन पडली तरी ते अपच राहणार. आयएफ-टाइप (इंटरफेसच्या प्रकाराचा नंबर) बघा, एडीएसएलला ९४, व्हीडीएसएल-२ ला २५१, त्या इंटरफेसचं स्टेटस घ्या, १ अप, २ डाउन. पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन होऊन चालणारं सेशन) वेगळं लावा, सिंक (तारेवरची जोडणी) असूनही सेशन पडतं.

उत्तर २: नुसत्या अप-डाउनवर राहू नका हो. दर ५ मिनिटांनी पोल केलं (राउटरला स्थिती विचारली) तर मधे ४० सेकंद पडून उठलेली लाइन दिसतच नाही, म्हणून आयएफ-लास्ट-चेंज (स्टेटस शेवटचं कधी बदललं) पण घ्या. आणि एसएनआर मार्जिन (तारेवर गोंगाट वाढला तरी लाइन टिकायला उरलेली मोकळीक) तर घ्याच, आकडा डीबीच्या (डेसिबलच्या) दहाव्या भागात येतो, ६२ म्हणजे ६.२.

प्रश्नकर्ता: लावलं. मार्जिन ३१ दाखवतंय!

उत्तर २: म्हणजे ३.१, फार कमी, साधारण ६ तरी हवा. जॉइंटमधे पाणी गेलं असेल, लाइनमनला ग्राफच दाखवा.