सामुदायिक रेडिओवर बातम्या का नसतात?

सामुदायिक रेडिओ म्हणजे एखादी संस्था आसपासच्या लोकांसाठी चालवते ते छोटं केंद्र. 'सामुदायिक रेडिओ नुसती भजनं वाजवतात, गावची बातमी कुणी देत नाही' हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. देत नाहीत, कारण परवानगीच नाही! 2006 च्या धोरणात स्वयंसेवी संस्थांनाही केंद्रं काढायला मुभा मिळाली, पण स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींना बंदी घातली गेली. आकाशवाणीचं बातमीपत्र फार तर जसंच्या तसं किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावायचं. म्हणजे छापील पेपरवाला जे बिनधास्त लिहितो, ते शंभर वॉटच्या, जेमतेम दहाएक किलोमीटर पोचणाऱ्या केंद्राने बोलायचं नाही. गंमतच आहे.

भजनांना मात्र नाक मुरडू नका. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत, असाही नियम आहे, आणि गावातल्यांची भजनं त्यातच येतात. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या केंद्रांमुळेच गावातल्या बायकांचा आवाज रेडिओवर येतो.