बोटीच्या इंजिनाच्या ड्रेन प्लगला काय लावू? बजेट २०० रुपये

नदीकाठचा_पोरगा (जुगूळ):
नमस्कार मंडळी. आमची नाव जुगूळ ते खिद्रापूर अशी कृष्णेतनं ये-जा करते. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, थंड करायला नदीचंच पाणी ब्लॉकमधनं फिरतं. ब्लॉकच्या तळाला पितळी ड्रेन प्लग आहे. नदी लाल झाली की पंधरा दिवसांनी तो काढून गाळ सोडायला लागतो. या वेळी परत बसवल्यापासनं थेंब थेंब गळतंय. आणखी आवळला, तरी गळतंयच. आट्यांना काय लावू? ऑइलच्या ड्रेन बोल्टलाही तेच चालेल काय? २०० रुपयांच्या वर जमणार नाही.

हिडकलचा_होडीवाला:
टेफ्लॉन टेप. तीन वेढे मार आणि विसरून जा. माझ्या दोन्ही होड्यांना टेपच आहे, कधी थेंब बघितला नाही.

निपाणीकर_७७:
लोकटाइट ५७७ घे, आट्यांना लावायचं ट्यूबमधलं सीलंट. हवा तुटली आणि दोन्हीकडनं धातू लागला की ते आतल्या आत घट्ट होतं, पितळेवर तर लवकरच. आटे पेट्रोलनं पुसून कोरडे कर, लाव, एक दिवस इंजिन चालवू नकोस. प्लास्टिकच्या प्लगला मात्र लावायचं नाही, तडकतो. २०० त बसणार नाही, पण ट्यूब खूप दिवस पुरते. मी पंपालाही तेच वापरतो.

खानापूरचा_बाळू:
टेपचं नाव काढू नकोस गा. टेपवर प्लग तेल लावल्यागत फिरतोय, किती आवळलं ते हाताला कळतच नाही. मी असाच आवळत गेलो. दुसऱ्या दिवशी बघतोय तर प्लगच्या भोवतीच्या बिडाला केसाएवढी भेग, आणि त्या भेगेतनं घामागत पाणी येऊलंय. प्लगच्या गळतीपायी ब्लॉकला टाके घालायची पाळी आली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

हिडकलचा_होडीवाला:
तुम्ही उलटी गुंडाळली असणार. आट्यांचं टोक आपल्याकडं धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वेढे घ्यायचे. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा. टेपचा काय दोष?

खानापूरचा_बाळू:
सरळच गुंडाळली होती. ब्लॉक माझा फुटला, तुमचा नव्हे.

उद्यमबागवाले_काका (बेळगाव):
भांडू नका. पोरा, आधी प्लग हातात घेऊन आटे बघ. टोकाकडं निमुळता होत गेला असेल तर पाणी आट्यांतच अडतं, तिथं काहीतरी लावायलाच लागतं. आटे सरळ असतील आणि डोक्याखाली सपाट कडा असेल तर आट्यांना काही लावून उपयोग नाही, तिथं वॉशर पाणी अडवतो.

ऑइलचा बोल्ट बहुतेक सरळ आट्यांचाच निघेल. त्याला तांब्याचा वॉशर असतो. जुना झाला की कडक होतो, म्हणून गळतो. गॅसवर लाल होईपर्यंत तापव आणि पाण्यात टाक, परत मऊ पडतो. खर्च शून्य. त्या बोल्टला टेप मुळीच नको. सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसला तर इंजिन कोरडं पडेल.

शिरोळचा_रांगडा:
एवढं करत बसण्यापेक्षा कोल्हापूरला ये. शिवाजी उद्यमनगरात नवा प्लग लेथवर करून देतील, आटेही साफ करून देतील. २०१९ च्या महापुरात आमची बोट आठवडाभर चालू होती, एक थेंब गळला नाही.

उद्यमबागवाले_काका (बेळगाव):
बेळगावच्या उद्यमबागेतही लेथ आहेत. बिडाचं काम आम्ही पिढ्यान् पिढ्या करतोय.

शिरोळचा_रांगडा:
जुगूळहून कोल्हापूर जवळ की बेळगाव, ते त्यालाच विचारा.

नवीलतीर्थ_सौंदत्ती:
माझं आउटबोर्ड आहे, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन. त्याच्या गिअर ऑइलच्या स्क्रूलाही छोटा वॉशर असतो, दर वेळी नवा घालायचा. मी जुनाच घातला. पुढच्या खेपेला ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं पांढरट, म्हणजे पाणी आत गेलेलं. काका सांगतात तेच, वॉशर बघा.

निपाणीकर_७७:
वॉशर ठीक आहे, पण पाण्याच्या प्लगला ५७७ च.

नदीकाठचा_पोरगा (जुगूळ):
सगळ्यांचे आभार. पाण्याचा प्लग निमुळता निघाला. आट्यांच्या तळाला पांढरा वाळका थर होता, दाभणानं खरवडला तेव्हा कळलं की तो सफेदा आहे, नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी पेस्ट. वडील हयात असताना तेच लावायचे. घरात नळाच्या कामाचा अर्धा डबा आणि सूत होतंच. आटे तारेच्या ब्रशनं साफ केले, सुताचे चार पदर आट्यांत बसवले, वरनं सफेदा चोपडला आणि छोट्या पान्यानं बेतानं आवळला. टेप घेतली नाही, ट्यूबही नाही. दर पंधरा दिवसांनी उघडायचा प्लग आहे, त्यात चिकटून बसणारं काही नको वाटलं. ऑइलचा वॉशर मात्र काकांनी सांगितल्यासारखा चुलीत तापवून घातला. आज सहा फेऱ्या झाल्या. इंजिन गरम असताना प्लगखाली हात फिरवून बघितला, कोरडं आहे.

निपाणीकर_७७:
सूत आजकाल कोण वापरतं? पंधरा दिवसांनी परत सांग.

उद्यमबागवाले_काका (बेळगाव):
चालेल. फक्त पुढच्या वेळी प्लग काढशील तेव्हा टोकाच्या पुढं सुताचे तंतू लोंबतायत काय बघ. असतील तर कातरून टाक, गाळ तिथंच धरतो.