बेसल तापमानासाठी कोणता थर्मामीटर घ्यावा?

निशिगंध:
ओव्ह्युलेशन (अंडाशयातून बीज बाहेर पडणं) कधी होतं ते कळावं म्हणून रोज सकाळी उठण्याआधीचं, म्हणजे बेसल तापमान चार्टवर नोंदवायचं आहे. तापाचा साधा डिजिटल थर्मामीटर चालेल, की बेसलच हवा? कपाळावर धरायचा किंवा १० सेकंदांत आकडा देणारा कसा?

अबोली:
बेसलच घ्या. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. तापाच्या थर्मामीटरमध्ये ±०.१ चा फरक सहज पडतो, त्यात छोटी वाढ झाकली जाते. पाकिटावर दोन दशांश आहेत का ते बघाच, पण त्याहून महत्त्वाची अचूकता: ±०.०५ हवी. दोन दशांश दाखवणारे, पण अचूकता ±०.१ च असलेलेही मिळतात. शेवटचा आकडा लक्षात ठेवणारा असेल तर झोपेत लिहायची कटकट नाही.

कपाळाचा, कानाचा नको, बगलेतही नको. त्वचेचं तापमान खोलीच्या गारव्याने आणि घामाने बदलतं.

मृण्मयी१२:
१० सेकंदवाले बरेचसे अंदाजाने आकडा काढतात. तापाला ठीक, चार्टला नाही. बेसलमध्येही बीप वाजली म्हणजे तापमान स्थिरावलंच असं नसतं. बंद थर्मामीटर जिभेखाली अगदी मागे ठेवून, तोंड मिटून तीन-चार मिनिटं थांबा आणि मगच बटण दाबा. सकाळचे आकडे वरखाली उड्या मारतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच घाई असते.

जाग आल्या आल्या, अंथरुणातून उठण्याआधी, पाणीही न पिता घ्या. त्याआधी सलग तीन तास तरी झोप हवी. तोंड उघडं ठेवून झोपत असाल तर योनीमार्गातून घेतलेलं तापमान जास्त स्थिर येतं, मात्र पाळीच्या चक्राच्या मध्यात जागा बदलू नका. थर्मामीटर किंवा त्याची बॅटरीही पाळी आल्यावरच बदला. ताप, मद्य, जागरण असेल त्या दिवसाच्या आकड्यावर खूण करा.

निशिगंध:
धन्यवाद. फॅरेनहाइटचा चालेल का? आणि वाढ झाली हे नक्की कधी मानायचं?

अबोली:
चालेल, दोन दशांशांचा असेल तर उत्तम. फक्त एका चार्टमध्ये एकच एकक ठेवा.

आधीच्या सहा दिवसांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा सलग तीन दिवस वर, आणि तिसरा त्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा किमान ०.२ सेल्सिअसने वर, तेव्हा वाढ मानतात. पण तोवर गर्भधारणेचे दिवस उलटून गेलेले असतात, कारण बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे संधी असते ती आधीच्या दिवसांत. ते दिवस ओळखायला कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव बघा किंवा एलएच पट्ट्या (ओव्ह्युलेशनआधी वाढणारं एलएच संप्रेरक लघवीत तपासणाऱ्या) वापरा. चार्टचा खरा उपयोग दोन-तीन चक्रांनंतर, ओव्ह्युलेशन साधारण कितव्या दिवशी होतं ते कळायला.