मदत हवी आहे: मशीन चालू केलं की शेअर फोल्डर रिकामं

छापखाना_शहापूर: घाईत आहे. दुकानात दोन मशीन. एकावर सगळ्या पत्रिका, दुसऱ्यावरून उघडायच्या. एफएसटॅबमध्ये (मशीन चालू होताना काय काय जोडायचं त्याची यादी असलेली फाईल) ओळ घातलीय. हातानं 'सुडो माउंट -ए' (यादीतलं सगळं जोडायची आज्ञा) मारलं की येतंय, खरं मशीन चालू केलं की फोल्डर रिकामं. काल पोऱ्यानं त्या रिकाम्यातच अनगोळच्या लग्नाची पत्रिका सेव्ह केली. मी माउंट केलं, फाईल गायब! संध्याकाळी प्लेट काढायचीय.

निपाणीकर: फोल्डर शेअर कशानं केलंय, साम्बा की एनएफएस? वायर की वायफाय? ओळ तरी टाका की. आमच्या अंगात देव येतोय होय?

छापखाना_शहापूर: साम्बा, वायफाय, उघडायच्या मशीनवर लिनक्स मिंट. ओळीत पासवर्ड आहे, कशी टाकू?

टिळकवाडी_पेन्शनर: पासवर्ड एफएसटॅबमध्ये? ती फाईल मशीनवरचा कुणीही वाचतो. नाव-पासवर्डाची वेगळी क्रेडेन्शियल्स फाईल करा, मालक रूट (मशीनचा ॲडमिन), परवानगी ६०० (फक्त मालकानं वाचायची-लिहायची).

छापखाना_शहापूर: ते नंतर हो काका. पत्रिका कुठाय?

खानापूर_कट्टा: दोन्हीकडं लिनक्स असताना साम्बा कशाला? एनएफएस घ्या, मोकळं व्हा.

छापखाना_शहापूर: दोन्हीकडं लिनक्स म्हणालो कधी? फाईली विंडोजवर आहेत. जुना मराठी फाँट तिथंच चालतोय.

खानापूर_कट्टा: अजून जुना फाँट? युनिकोडवर या की!

निपाणीकर: झालं, धागा फाँटवर गेला. पत्रिका गेली नाही. माउंट केलं की खालचं फोल्डर झाकतंय. अनमाउंट करा, खाली दिसेल. आधी दुसरीकडं कॉपी करा, मगच परत जोडा.

छापखाना_शहापूर: सापडली!!

कोल्हापूरचा_मामा: क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ॲट-रीबूट, स्लीप ६०, म्हणजे मशीन चालू झाल्यावर ६० सेकंद थांबून मग माउंट. माझ्याकडं चार वर्षं चालू आहे.

निपाणीकर: मामा, लाईट आल्यावर विंडोज अपडेट करत बसलं तर ६० सेकंद पुरतील? आणि वायफाय लॉगिननंतर जोडत असेल तर माउंटच्या वेळी नेटवर्कच नसतंय. ओळीच्या ऑप्शनमध्ये 'नोऑटो' आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' घाला, मधे स्वल्पविराम, जागा सोडू नका. मग रीबूट. फोल्डर उघडलं की तेव्हाच जोडणी होईल. विंडोज बंद असलं तर एरर येईल, खरं पोऱ्याला झाकल्या फोल्डरात सेव्ह करता येणार नाही.

टिळकवाडी_पेन्शनर: यूआयडी=१००० (बहुधा तुमच्या युजरचा नंबर) पण घाला. नाहीतर सगळ्या फाईली रूटच्या दिसतील.

कोल्हापूरचा_मामा: माझं चाललंय ते चाललंय.

छापखाना_शहापूर: झालं! पहिल्यांदा उघडताना जरा थांबतंय, मग पटापट. लाईट जाऊन आल्यावर परत सांगतो.

खानापूर_कट्टा: म्हणजे दुपारपर्यंत कळेल.