घोडियात झोपलेलं बाळ

दांडियाबाजार: परवा पुण्याहून मामेबहीण आमच्याकडे बडोद्याला आली होती. आई आतून ओरडली, "अगं, त्याला घोडियात टाक, डोळे चोळतोय." बहीण हसून लोटपोट. "तुमचं मराठी म्हणजे गुजरातीच की!" आमच्या घरात चार पिढ्या हाच शब्द आहे. मग घोडियं मराठी मानायचं की नाही? आणि नसेल तर मराठीत त्याला म्हणायचं काय? पाळणा म्हणू नका. पाळणा कडीला टांगतात. हे जमिनीवर उभं असतं, वरच्या दांडीला कापड बांधलेलं.

रावपुरेकर: सरळ गुजराती 'घोडियुं'. आपण झोळी म्हणावं. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढवला तो काय शोभेला?

दांडियाबाजार: काका, त्यात गुजराती-मराठी शेजारी शेजारीच बसवलेत! आणि झोळी म्हणजे नुसतं कापड. सांगाड्याचं काय?

रंधा: सांगाडा हाच तर घोडा. फळी कापताना खाली लावतो ती घोडी, रंगारी चढतो ती घोडी. गुजरातीत कुबडीला काखघोडी म्हणतात. पायांवर उभं राहून भार घेतं ते घोडं, एवढं साधं आहे.

षड्ज: तंबोऱ्याचीही घोडी असते, तारा तिच्यावरून जातात. आमचे गुरुजी "घोडी सरकली रे" म्हणाले की नवीन मुलं खिडकीबाहेर बघायची. मग ते घोडी जागेवर आणून तारेखालचा जवारीचा दोरा नखाने केसभर सरकवायचे आणि तार एकदम बोलायला लागायची.

कॅनव्हास: फ्रेंचमध्ये व्हायोलिनची घोडी आणि चित्रकाराचा ईझल, दोन्हींना 'शव्हाले', म्हणजे छोटा घोडाच. आणि 'ईझल' हा शब्द डच 'एझल'वरून, म्हणजे गाढव! फाइन आर्ट्सला आम्ही ज्या बाकावर बसून स्केचिंग करायचो तो तर उघडउघड 'डाँकी'.

रावपुरेकर: फ्रेंच राहू दे. बंदुकीचा घोडा कुठला भार घेतो? आणि हल्ली सगळे 'घोडा ओढला' लिहितात. बोटाने ओढतात तो चाप! घोडा वरून बार उडवणाऱ्या टोपीवर आपटतो. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा मी स्वतः हाताळलाय.

रंधा: मान वर काढलेली दिसते म्हणून घोडा असेल. पण काका, 'घोडा दाबला' लोक इतकी वर्षं म्हणतायत, आता कोणाला थांबवणार?

रावपुरेकर: लोक तर काहीही म्हणतात.

षड्ज: शुद्धच हवं असेल तर घोडाही सोडा. वेदांत अश्व आहे. आपला घोडा 'घोटक'वरून, तो संस्कृतात मागाहून आला, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते द्राविडी भाषांतून. कन्नड कुदुरे, तमिळ कुदिरै बघा.

रावपुरेकर: मते! मग घोडचूक, घोडनवरी यांतला 'घोड' कुठला? तिथे ना पाय ना भार.

कॅनव्हास: तिथे आकार. मोठ्ठी चूक, वाढलेली नवरी.

रावपुरेकर: मग 'हत्तीचूक' का नाही?

दांडियाबाजार: माझा प्रश्न राहिलाच…

रंधा: ताई, तुमचं घोडियं रिकामं झालं की कळवा. भाचीला हवंय, सागवानी असेल तर उत्तमच.

दांडियाबाजार: सागवानीच आहे, पण एक खुंटी ढिली झालीय. चालेल?

रंधा: खुंटी मी ठोकतो.