सासवडच्या पुढे माळरानाची २ एकर, शेजारी दगडखाण – घ्यावी का?

दिवेघाट_उतरून

मंडळी, थोडं लांबलचक होईल पण सगळं लिहितो म्हणजे परत विचारायला नको. राहायला हडपसरला, नोकरी अजून सातआठ वर्षं. आईच्या माहेरच्या जमिनीत माझं नाव लागलेलं आहे म्हणून शेतकरी दाखल्याची अडचण नाही. गेले दीड वर्ष जमीन बघतोय, विमानतळाची बातमी आल्यापासून पुरंदरमधले भाव ऐकूनच घरी परत यायचो, आणि आता जेजुरी रोडवरून आत एक २ एकराचा तुकडा सापडलाय, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आजूबाजूला जे सांगतात त्याच्या जवळजवळ निम्म्यात. पूर्ण माळ, गुडघाभर वाळलेलं गवत, मोज्यात कुसळं घुसली ती बायको रात्री चिमट्याने काढत होती. एक जुनी विहीर आहे, मोटारीची खोली आहे, खोलीच्या कोपऱ्यात वरून खाली तिरकी चीर गेलीये.

अडचण एकच, बांधापासून साधारण तीनशे मीटरवर दगडखाण आणि खडी क्रशर. आम्ही रविवारी गेलो तेव्हा चिडीचूप शांतता होती, लांबून एक पोकलेन उभा दिसला बस. एजंट म्हणतो खाण दोन वर्षांत बंद होणार, मग हाच खड्डा पाण्याने भरून तळं होईल आणि तुमची जमीन लेक व्ह्यू 😅 मला आंबा, सीताफळ लावायचंय आणि पुढेमागे एक लहान घर. कुणी खाणीशेजारी जमीन घेतलीये का? नक्की काय बघू?

कऱ्हाकाठ

रविवारी का दाखवली ते कळलं का तुम्हाला? क्रशर बंद असतो म्हणून. मंगळवारी नाहीतर बुधवारी सकाळी नऊला जा, एकटे जा, एजंटला सांगू नका, आणि दुपारपर्यंत तिथंच बसा. आमच्याकडे दुपारी जेवणाच्या वेळेला शिट्टी होते, लाल झेंडा घेऊन पोरगं रस्त्यावर उभं राहतं, पाचशे मीटरच्या आत कुणाला सोडत नाही आणि मग सुरुंग. तुम्ही तीनशेवर म्हणताय. खोलीची ती चीर कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

धुळीचं म्हणाल तर ज्वारी कशीतरी निघते, कडबा मात्र गाय तोंडात घेऊन टाकून देते. माझी सीताफळाची शंभर झाडं आहेत, क्रशरच्या बाजूच्या दोन ओळींची पानं दिवाळीनंतर पांढरी होतात ती वळवाच्या पहिल्या पावसापर्यंत तशीच. फळ धुवून बाजारात नेलं तर डाग पडतात, न धुता नेलं तर व्यापारी बोटाने पुसून दाखवतो आणि भाव पाडतो. आंबा मोहोरात असताना धूळ बसली की विषयच संपला.

आणि पाणी. आपल्याकडचा काळा दगड स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमधे. खाण तुमच्या विहिरीच्या तळापेक्षा खाली गेली असेल तर भेगेतलं पाणी आधी तिकडे पडणार, ते पंप लावून बाहेर काढतात आणि ओढ्याला सोडतात, त्यालाच एजंट उद्या तळं म्हणणार. विहिरीत दोर सोडून पाणी किती हात आहे बघा, आणि श्रावणात बघू नका, मे महिन्यात बघा. शेजारच्या म्हातारीला विचारा विहीर कोणत्या महिन्यात आटते, एजंटला विचारू नका.

निवृत्त_कारकून

महसूल खात्यात हयात गेली म्हणून थोडं कागदाचं सांगतो. नुसता आजचा सातबारा बघून चालणार नाही, जुने हस्तलिखित सातबारे आणि सगळे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) काढा, निदान ३० वर्षांचे. खाणीशेजारच्या गटांमधे मी सगळ्यात जास्त वेळा काय पाहिलंय तर खाणवाल्याने आपली हद्द सोडून शेजारच्या गटातून दगड नाहीतर मुरूम उचललेला, मूळ मालकाने ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) चार पैसे घेऊन डोळेझाक केलेली, आणि नंतर तहसीलदाराचा दंड. जमीन तुमच्या नावावर असली तरी खालचं खनिज सरकारचं, १९६६ च्या महसूल संहितेचं कलम ४८. विनापरवाना काढलं तर ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, थकला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात गौण खनिजाचा (दगड-मुरमाचा) बोजा, म्हणजे थकलेल्या दंडाची नोंद, चढतो. घेणारा बिचारा फळझाडांची स्वप्नं बघत असतो आणि बोजा त्याच्या बोकांडी.

म्हणून साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आधी सरकारी मोजणी करून घ्या. खुणा दाखवल्या की एक कोपरा खड्ड्यात निघतो का ते कळेल, निघतो हो, हसू नका. भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) आहे का २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी) ते बघा. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती लिहिलाय बघा, माळावर तो निम्मासुद्धा असतो. आणि खाण बंद होणार हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, कलेक्टर कचेरीत खनिकर्म शाखा असते तिथे त्या गटाच्या खाणपट्ट्याची मुदत विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाका. मुदत संपली म्हणजे खाण संपली असंही नसतं, वाढवून मिळते.

बर्फातला_पुणेकर

विषय वाचून हसू आलं कारण मी सदाशिव पेठेतून येऊन सस्कातूनला राहतो आणि हाच प्रश्न इथे मला पडला होता. इथली प्रेअरी म्हणजे आपलं माळरानच पण क्षितिजापर्यंत सपाट, आणि जमीन क्वार्टरमधे विकतात, म्हणजे १६० एकर, दोन एकर म्हटलं तर लोकांना वाटतं परसबाग विचारतोय. शहराच्या आसपास पोटॅशच्या खाणी आहेत. आपण उसाला लाल पोटॅश टाकतो ना, भारताला ते बाहेरूनच आणावं लागतं आणि त्यातलं बरंच इकडचं. पण खाण साधारण एक किलोमीटर खोल, त्यामुळे वर शेतात सुरुंगाचा आवाज नाही. वर दिसतो तो मिठाचा पांढरा डोंगर, आणि भीती असते ती त्यातलं खारं पाणी जमिनीत मुरायची. शिवाय खाली पोकळ झालं की वरची जमीन वर्षानुवर्षं हळूहळू बसत जाते.

कागदाची गंमत म्हणजे इथे वरच्या जमिनीचा आणि खालच्या खनिजाचा हक्क वेगवेगळ्या कागदावर. मला वकिलाने पहिलं हेच सांगितलं, तू गव्हाचं शेत घेतोयस, पोटॅश नाही. (आणि भारतात बसून इथे घ्यायचा कुणाचा विचार असेल तर विसरा, कॅनडाचा रहिवासी नसलेल्या परदेशी माणसाला सस्काचेवानमधे १० एकराच्या वर शेतजमीन घेता येत नाही.) शेवटी मी घेतली नाही. बायको म्हणाली, उणे तीसमधे तिथपर्यंत जाणार कोण.

मोशीकर

खाणवाल्यांनाही एकतर्फी धुऊ नका, तुमचं हडपसरचं घर कुठल्या खडीवर उभंय? आमच्या भागात पोरंटोरं डंपरच्या धुळीत वाढली, नंतर खाणीला लागून सोसायट्या झाल्या आणि आता तिथलेच लोक रोज तक्रारी करतात. भाव निम्मा आहे म्हणजे धुळीचे पैसे आधीच कापून दिलेत असं समजा. फक्त गुंतवणूक म्हणून घेत असाल तर ठीक. घर बांधायचं असेल तर नको.

दिवेघाट_उतरून

सगळ्यांचे आभार. रजा टाकून बुधवारी गेलो होतो. नऊ ते दीड बसलो. फाट्यावरच्या टपरीवर चहा घेतला तर कपाच्या तळाशी साखरेसारखी कचकच, टपरीवाला म्हणाला सवय होते. हायवा (खडीचे मोठे डंपर) मोजले, एका तासात एकवीस. सव्वा वाजता शिट्टी झाली, मी मोटारीच्या खोलीत भिंतीला हात लावून उभा होतो, हाताला कळलं. त्या चिरेतून वाळू खाली पडली, चिमूटभरच, पण पडली.

कारकूनसाहेब, तुमच्यासाठी खास बातमी. जुन्या फेरफारांमधे एक गौण खनिज दंडाचा निघाला, बोजा अजून आहे. एजंटला फोटो पाठवला तर म्हणतो "तो काय साहेब, आठ दिवसांत निघून जाईल, तुम्ही आधी टोकन देऊन टाका".

कऱ्हाकाठ

मग निघाल्यावर फोन कर म्हणावं. आणि येताना विहीर बघितली का नाही ते लिहिलं नाही तुम्ही.

दिवेघाट_उतरून

बघितली. दोर पुरला नाही.