ब्रेव्हे झाल्या, आता पहिली रोड रेस (शेवटी बोरघाट): घोळक्यात टिकायचं कसं?

पेडल_मारतोय

मंडळी, चार आठवड्यांनी एक हौशी रोड रेस आहे, सगळे एकदम सुटणार. पनवेलहून जुन्या हायवेने खोपोली, तिथून बोरघाट चढून लोणावळ्यात शेवट, एकूण ५५ किमीच्या आसपास. माझ्या २०० आणि ३०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड, शर्यत नव्हे) वेळेत झाल्या आहेत. वजन ७० किलो, सायकल ९ किलो, पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागची कॅसेट (चकत्यांचा संच) ११ ते २८ दातांची, टायर २५ मिमीचे. कॅसेट बदलू का? हवा किती ठेवू? आणि ३०० किमी जाणाऱ्याने ५५ किमीचं टेन्शन घ्यायचं का?

तीन_घाट

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बरेच ब्रेव्हेवाले तिथेच फसतात. ब्रेव्हेत वेग आपण ठरवतो. इथे तो पुढचा ठरवतो आणि दर दोन मिनिटांनी बदलतो. तुमच्या वजनाला सपाटीवर ४० च्या वेगाने एकट्याने जायला साधारण ३०० वॉट लागतील. घोळक्यात नीट चाक पकडलं (पुढच्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहिलात) तर २२० च्या आसपास भागतं. म्हणजे घोळक्यातून तुटलात की तोच वेग धरायला ८० वॉट जास्त, आणि पुन्हा जाऊन मिळायचं तर त्याहूनही जास्त.

बहुतेक जण तुटतात ते वळणानंतर. पुढचे ३० वर येतात, चाळिसाव्या नंबरला ब्रेक लावून २० वर यावं लागतं, तोवर पुढच्यांनी ४२ पकडलेले असतात. मागच्याने प्रत्येक वळणावर स्प्रिंट मारायची आणि पुढच्याने नुसतं पेडल फिरवत राहायचं, असा हिशेब आहे. म्हणून पहिल्या १५-२० जणांत राहा. अगदी पहिल्या नंबरवर मात्र नको, तिथे फुकटची हमाली होते.

पुढच्या चाकापासून अर्धा ते पाऊण मीटर अंतर ठेवा. नजर त्याच्या टायरवर नको, खांद्यावरून पलीकडे. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ देऊ नका. त्याने खड्डा चुकवायला थोडी बाजू घेतली की तो पडत नाही, तुम्ही पडता. वारा डावीकडून असेल तर त्याच्या किंचित उजवीकडे राहा. रम्बलर (रस्त्यावरचे छोटे उंचवट्यांचे पट्टे) आला की पेडल मारणं चालू ठेवा, हूड्स (ब्रेक लिव्हरवरच्या मुठी) घट्ट पकडा, कोपर सैल सोडा. बाटली नेहमी अशाच जागी हातातून निसटते आणि मागचे चौघे आडवे होतात.

सरावासाठी मंगळवारी ३० सेकंद जोरात, ३० सेकंद हलकं, असे १० वेळा, मध्ये ५ मिनिटं विश्रांती, पुन्हा १० वेळा. गुरुवारी घाटाच्या ताकदीने १० मिनिटांचे तीन तुकडे. रविवारी तुमच्यापेक्षा वेगवान ग्रुप शोधा. शेवटच्या आठवड्यात किलोमीटर निम्मे करा, जोर कमी करू नका.

ऑइलची_बाटली

हिशेबाला +१. गिअरचं बघू. पुढे ३४, मागे २८ लावून ६० च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) ताशी ९ च्या थोडं वर वेग येतो. पाच टक्के चढावर १४ च्या वेगाला तुम्हाला १८५ वॉटच्या आसपास लागतील आणि केडन्स ९० राहील, तिथे २८ पुरतो. घाटातल्या शिंगरोबा मंदिराच्या आसपासच्या तीव्र भागात वेग ९ वर आला तर केडन्स साठाच्या खाली जाईल, मांड्या भरून येतील. मागे ३२ असेल तर तोच वेग ६७ च्या केडन्सला मिळतो. माझं मत, बदला. पण आधी डिरेलर (मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघा: आखूड पिंजऱ्याचे बरेचसे २८ किंवा ३० पर्यंतच घेतात. आणि ३२ साठी चेन लांब करावी लागू शकते. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चकती पडली, तर हँगर (डिरेलर अडकवायचा तुकडा) वाकतो किंवा डिरेलर तुटतो. नवीन कॅसेटवर जुनी झिजलेली चेन लावली की नवे दातही लवकर झिजतात, तेव्हा चेनही नवीच घ्या. हे सगळं किमान दोन आठवडे आधी.

हवा: पुढे ८०, मागे ८५ पीएसआय. १२० भरणारे अजून भेटतात. आपल्या रस्त्यावर त्याने सायकल उडते, वेग वाढत नाही.

आरसा, कॅरिअर, मडगार्ड, दिव्यांचे क्लॅम्प काढा. एअरोबार (हँडलवर पुढे झुकून धरायचे दांडे) असतील तर तेही, एकत्र सुटणाऱ्या रेसमध्ये चालत नाहीत. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, टायर भरायला १६ ग्रॅमचं सीओटू काडतूस. तो वायू ट्यूबमधून झिरपतो, घरी आल्यावर सोडून पंपाने साधी हवा भरा.

खारी_शेंग

खाण्याचं कुणी बोललंच नाही. सुटण्याच्या तीन तास आधी पोहे किंवा उपमा, तेल कमी, उसळ-मिसळ नको. रेसमध्ये तासाला ५०-६० ग्रॅम कार्ब्ज. इलेक्ट्रॉलच्या लिटरच्या पुड्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, त्यावर ऊर्जेसाठी विसंबू नका. एका बाटलीत ४० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. दुसरीत साधं पाणी. ब्रेव्हेतली शेंगदाणा चिक्की इथे नको: धाप लागलेली असताना चावता येत नाही. बिया काढलेले खजूर चालतील. खायचं ते खोपोलीच्या १० किमी आधी, घाटात तोंड श्वासाला लागतं.

तीन_घाट

घाटाचं राहिलं. पायथ्याला पुढच्या दहात या आणि पुढची लहान चकती (चेनरिंग) चढ सुरू व्हायच्या आधी टाका. जोर देत असताना टाकलं की चेन आत पडते. पहिली दोन मिनिटं सगळे वेड्यासारखे सुटतात, त्यांच्यामागे जाऊ नका. आपल्या ताकदीने चढा आणि हळूहळू मागे सरका. वर पोहोचेपर्यंत घोळक्याच्या शेपटीला असलात तरी पुरे. १४ च्या वेगाला चाक पकडून फारसं काही वाचत नाही, त्यामुळे तिथे एकट्याने चढायला घाबरू नका. खंडाळ्याला रस्ता सपाट झाला की मात्र लगेच कुणाचं तरी चाक धरा.

पेडल_मारतोय

कॅसेट आणि चेन दोन्ही बदलतो. नंबर कुठे लावायचा?

ऑइलची_बाटली

आयोजक सांगतील त्या बाजूला, खिशांच्या वर नको, नाहीतर खाताना हात अडकेल. जर्सी उशीवर चढवून लावा, चारऐवजी आठ पिना. सरळ उभं राहून लावलेला नंबर वाकल्यावर फुगतो आणि सगळी रेसभर फडफडतो.